एमीचा हिशेब

'टुमॉरो आय विल डेट विथ यस्टरडेज यू' हा 2016 चा जपानी सिनेमा. क्योटोत 20 वर्षांच्या ताकातोशीला ट्रेनमध्ये एमी दिसते आणि तो प्रेमात पडतो. पण तिचा काळ उलटा चालतो. दोघांच्या वाट्याला 30 दिवस; त्याचा पहिला दिवस तो तिचा शेवटचा. काहीही 'पहिल्यांदा' झालं की ती रडते, त्याला कारणच कळत नाही.

रडवणारे जपानी सिनेमे पुष्कळ आहेत. (शिन्काईचा 'फाइव्ह सेंटिमीटर्स पर सेकंद' दोनदा पाहिला, तिसऱ्यांदा हिंमत नाही.) पण एमी मला जास्त पटली. सगळा हिशेब माहीत असूनही ती रोज ठरल्या वेळी येते, हसते, जेवते.

आमच्या तरसालीच्या घरातही सध्या असे दोन काळ चालू आहेत. जूनमध्ये मी एम.ए.ला पुण्याला जाणार. माझ्या डोक्यात फक्त ॲडमिशन आणि हॉस्टेल. मम्मी मात्र मिस्सा झाली की मुद्दाम हळू चालते. गेल्या रविवारी फाफड्याच्या लारीपाशी थांबली.

"घे की, तिकडे असा नाही मिळायचा." मग सहज म्हणाल्यासारखं, "आता दहा रविवार राहिले."

लारीवाल्याने विचारलं, जलेबी टाकू का? ती म्हणाली, टाका, थोडी जास्तच टाका.