अब्बांचे महाराज

म्हसवडच्या घरी पडवीत अब्बा तैलरंगात तसबिरी रंगवत. छापील चित्रावर पेन्सिलीने घरं पाडायची, त्याच हिशेबाने मोठी घरं कॅनव्हासवर, मग एकेक घर उतरवत जायचं. जवसाच्या तेलाचा वास आठ-आठ दिवस जायचा नाही. बाबासाहेब, गांधीजी, उर्दू शाळेसाठी मौलाना आझाद. सगळ्यांत जास्त मागणी शिवाजी महाराजांना. त्यासाठी समोर कोल्हापूरच्या जी. कांबळे यांच्या सरकारमान्य चित्राची प्रत असायची.

एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "चाचा, तुम्ही महाराज काढता?"

अब्बा म्हणाले, "रंग ओला आहे, हात लावू नका."

तो प्रश्न मला मात्र बरीच वर्षं टोचत राहिला. पुढे वाचनात आलं, की एके काळी महाराजांचं म्हणून जे चित्र सगळीकडे छापलं जाई, ते इब्राहिम खान नावाच्या एका मुसलमान सरदाराचं होतं! मनुची या परदेशी प्रवाशाच्या ग्रंथातलं. नकलेवरून नक्कल होत गेली, मूळ कोण पाहतो? इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी ते पाहिलं, आणि १९३३मध्ये एका डच चित्राच्या आधारे महाराजांचा खरा चेहरा लोकांपुढे ठेवला.

हे मी अब्बांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा पुसला.

"अन् नाक? एवढी वर्षं नाक कुणाचं काढत होते मग?"