उशिरा आलेल्याची गोष्ट

काही गोष्टी आपल्या डोळ्यांदेखत घडतात, तर काही आपण पोचायच्या आत घडून गेलेल्या असतात. मला दुसऱ्या जातीच्या गोष्टींची ओढ जास्त. मांडव उतरल्यावर लग्नघरी पोचलेल्या पाहुण्याला जे दिसतं, ते मुहूर्ताला हजर असलेल्यांना दिसत नाही. सुकलेली तोरणं, तळाला बुंदी उरलेलं पातेलं, माजघरात पाठ फिरवून बसलेली आत्या. कोण रुसलं, कुणाचं कुणाशी बिनसलं, हे तो कुणालाही न विचारता जुळवत जातो. कोडी सोडवत, रेंगाळत पुढे जायच्या त्या एकाकी व्हिडिओ गेममध्ये आपण असेच उशिरा आलेले असतो.

‘मिस्ट’ हा या घराण्याचा मूळपुरुष. रँड आणि रॉबिन मिलर या अमेरिकन भावांच्या ‘सायन’ कंपनीनं तो १९९३ साली आणला. आपण एका निर्जन बेटावर उतरतो. मारायला शत्रू नाही, मागे लागलेलं घड्याळ नाही. वाचनालय आहे, पण त्यातली बहुतेक पुस्तकं जळलेली. उरलेल्यांपैकी दोन पुस्तकांत दोन भाऊ अडकलेत आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. खरं कोण बोलतंय? त्यांच्या खोल्या उघडून बघा. एकाकडे श्रीमंती थाट, दुसऱ्याकडे छळाची यंत्रं. निवाडा करायला साक्षीदार नाहीत, फक्त सामान आहे.

आणि आवाज आहेत. गंमत अशी, की मिलर बंधूंना आधी संगीत नकोच होतं. त्यानं लक्ष उडेल, बेटाचा खरेपणा जाईल, अशी धास्ती. थोडं घालून पाहिलं, तर बेट उलट जास्त खरं वाटायला लागलं. मग रॉबिननंच ते रचलं. भुईतून वर येणारे, लांबत जाणारे स्वर. गुणगुणता येईल अशी चाल त्यात क्वचितच. बाकीच्या आवाजांचं काम ख्रिस ब्रँडकँपकडे होतं. बॉयलरमधल्या आगीसाठी त्यानं खऱ्या आगीचं ध्वनिमुद्रण केलं, तर ते आगीसारखं वाटेचना. शेवटी खडीच्या रस्त्यावरून हळूहळू गाडी चालवली आणि त्या करकरीतून बॉयलर पेटला. मनोऱ्यातल्या घड्याळाचे टोल म्हणजे मुळात पान्याचा खणखणाट, पट्टी खाली उतरवलेला. खरं आणि खरं वाटणारं यांच्यात किती अंतर असतं, हे रंगभूमीवरच्या माणसांना कुणी सांगायला नको.

पण ‘मिस्ट’चं खरं धाडस पुढे आहे. तिथं कानालाच कामाला लावलंय. बेटावरून जाता येणाऱ्या एका जगात पाच ठिकाणी मायक्रोफोन बसवलेत: पाणी, आग, घड्याळ, स्फटिक आणि बोगद्यातला वारा. दूरवरच्या यंत्रापाशी बसून एकेक आवाज हुडकायचा, त्यांचा क्रम लक्षात ठेवायचा, मग त्याच क्रमानं दाराचं कुलूप उघडायचं. पुढे जमिनीखाली भुलभुलैया. डोळ्यांना तिथं सगळीकडे सारखाच बोगदा. कुठे वळायचं ते नाद सांगतो. माझी आई एकदा मागून बघत म्हणाली, “अगं, हा कसला खेळ? नुसता वारा ऐकत बसलीयेस.” तिचं बरोबरच होतं. वारा ऐकणं हाच खेळ होता.

अशा खेळात संगीत कथेला साथ करत नाही. सांगणारी माणसं निघून गेल्यावर जे सांगायचं राहिलं, ते त्याच्याकडे असतं. कोपनहेगनच्या ‘प्लेडेड’नं २०१६ साली आणलेल्या ‘इनसाइड’मध्ये कुणी एक शब्द बोलत नाही. लाल शर्टातला पोरगा अंधारातून नुसता पळत राहतो. ध्वनिरचनाकार मार्टिन स्टिग अँडरसन यांनी त्यातले आवाज खऱ्या मानवी कवटीतून वाजवून पुन्हा ध्वनिमुद्रित केले. आपला आवाज आपल्याला जसा हाडांतून ऐकू येतो, तसा काहीसा पोत त्यांना हवा होता. त्यामुळे हा खेळ समोरच्या पडद्यावर चाललेला न वाटता आपल्याच डोक्यात चाललेला वाटतो. पोरगा मेला तरी आवाज थांबत नाही, पहिल्यापासून सुरूही होत नाही. तो उठतो, धावू लागतो. नाद त्याची वाट बघत थांबलेला नसतो. त्या जगाला त्याच्या मरणाचं सोयरसुतक नाही, हे एवढ्यावरून कळतं.

‘आउटर वाइल्ड्स’ (२०१९) मात्र याच्या उलट टोकाला. इथं नाद सोबत करतो. २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो, सगळं संपतं आणि पुन्हा सुरू होतं. नोमाई नावाची प्राचीन जमात केव्हाच नामशेष झालीय. भिंतींवरच्या वळणावळणाच्या लिपीत त्यांचे वाद, थट्टा, शंका तेवढ्या उरल्यात. आपल्याच गावचे काही प्रवासी वेगवेगळ्या ग्रहांवर पांगलेत. कुणी बँजो छेडतंय, कुणी बासरी फुंकतंय, कुणी माउथ ऑर्गन, कुणी ढोल, तर एकजण नुसती शीळ घालतोय. ध्वनी टिपणारी दुर्बीण रोखली की एकेकाचा ठावठिकाणा लागतो. आणि खूप दूर, सूर्यमालेच्या कडेला जाऊन ती मागे वळवली, की संगीतकार अँड्र्यू प्रालो यांची करामत उलगडते: ही सगळी मंडळी एकच चाल वाजवत होती. एकमेकांपासून लांब लांब बसून. त्यांना ते ऐकू येत नाही. ऐकू येतं फक्त लांब गेलेल्याला.

या खेळात तलवार मिळत नाही, ताकद वाढत नाही. पहिल्या आणि शेवटच्या फेरीत आपले हात सारखेच. बदलतं ते फक्त आपल्याला ठाऊक असलेलं. म्हणूनच तो पुन्हा नव्यानं खेळता येत नाही. कुलपाचा क्रम माहीत असला की ‘मिस्ट’सुद्धा एका बैठकीत आटोपतो. उत्तर तेवढंच हवं असेल तर ते कुणीही सांगेल, आणि ते हातात आल्यावर कोडं संपतं.

संगीताला मात्र ही अडचण नाही. भैरवी आधी शंभरदा ऐकलीय म्हणून मैफलीतून कुणी उठून जात नाही. ‘मिस्ट’चं संगीत पुढे वेगळ्या अल्बमच्या रूपात निघालं, आणि खेळ केव्हाच सोडवून बसलेली माणसं ते आजही ऐकतात. कोड्यानं त्यांना त्या जगात शिरायला निमित्त दिलं, एवढंच त्याचं काम. तिथं पुन्हा जावंसं वाटणं हे कोड्याचं देणं नव्हे. ते सुरांचं आहे, आणि म्हणून उत्तर विसरून गेलं तरी चालतं.