असू दे, लागेल

भाईंदरला राहायला येताना आपण टेम्पोत काय काय घातलं होतं, आठवतंय? घडवंची घातली होती. पितळी डबे, पत्र्याच्या ट्रंका, वेताची खुर्ची, सुंभाने आवळलेली वळकटी, आणि आजोबांचं मांडी घालून लिहायचं उतरत्या झाकणाचं डेस्क. गिरगावातली, लालबागमधली १० बाय १२ ची खोली सोडून मालकीच्या ब्लॉकमध्ये निघालो होतो आपण. १९८२ च्या गिरणी संपानंतर परळकडची कितीतरी घरं अशीच खाडीच्या अंगाला सरकली. १९८५ मध्ये इथे नगरपरिषद झाली तेव्हाही गच्चीवर गेलं की मिठागरं दिसायची. नव्या घरात हे जुनेर कशाला, असं कुणी विचारलं की घराघरातल्या आयांचं उत्तर एकच: "असू दे, लागेल."

आणि लागलंच. मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या, अंधेरीची आणि चर्चगेटची ऑफिसं आपापल्या हॉलमध्ये येऊन बसली. पोरं आधी इस्त्रीच्या टेबलावर, मग स्टुलावर, मग गादीवर पालथी पडून काम करू लागली. पाठी धरल्या. तेव्हा माळ्यावरचं एकेक खाली उतरलं.

पहिलं उतरलं ते डेस्क. आतल्या कप्प्यात दौत, टाक, टीपकागद आणि शाईच्या गोळ्यांची पुडी असायची. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईची पूड आणि गोळ्या करायला घेतल्या, तीच पुढची कॅम्लिन. गोळी पाण्यात विरघळवून दौत भरणं हा आपला रविवारचा उद्योग होता. टाक घरंगळू नये म्हणून उतरत्या झाकणाच्या खालच्या कडेला एक बारीक पट्टी ठोकलेली असते. डेस्क बेताच्या घडवंचीवर ठेवलं, आणि आज तीच पट्टी लॅपटॉप अडवून धरते. ज्या सुताराने ती ठोकली, त्याला मनोमन नमस्कार करावासा वाटतो.

सागवान असेल तर त्यावर तेलरंग फासू नका. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापडाच्या बोळ्याने एकावर एक पातळ हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा. पावसाळ्यात खण फुगून अडकला तर रंधा मारायची घाई नको. मेणबत्तीचा तुकडा कडेला घासला की तो सरकतो. आपल्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी शिकवलं कुणालाच आठवत नाही.

ट्रंकेचं मात्र वेगळं. खाडीचा खारा वारा लोखंड खातो, हे इथे ज्याच्या खिडकीला गज आहेत त्याला सांगायला नको. गंज काचकागदाने घासायचा, रेड ऑक्साइडचा एक हात, मग रंग. आमच्याकडे ट्रंका हिरव्या असायच्या, तुमच्याकडेही बहुधा हिरव्याच. त्यात रजया, डांबराच्या गोळ्या आणि लग्नातले शालू असायचे. आता त्यात वायरी, चार्जर आणि फायली असतात आणि वर प्रिंटर बसतो.

टाइपरायटर ज्यांच्या घरी होता ती घरं भाग्यवान. गोदरेजने १९५५ मध्ये तो भारतात बनवायला सुरुवात केली, आणि मराठी ३०, इंग्रजी ४० ही गती मिळवून किती ताया कारकुनीला लागल्या! तो कोपऱ्यात ठेवा, पण रिबन घालून ठेवा. नातवंडं कळा दाबतात तेव्हा टक्‌ असा आवाज आला पाहिजे.

पितळी दिव्याचं रूप जुनं असू द्या, होल्डर आणि वायर मात्र नवीच हवी. सुताचं वेष्टण असलेली जुनी वायर पुन्हा जोडू नये, तिथे "असू दे" अजिबात चालणार नाही. भिंतीवर कालनिर्णय हवंच. १९७३ पासूनची सवय आहे, दूधवाल्याचे खाडे आजही त्यावरच मांडले जातात. आणि शेजारी खिळ्याला बिलांची तार. आठवते ना ती, खाली लाकडी चकती, वर आकडा, मधे टोचून ठेवलेली आंतरदेशीय पत्रं? आता तिला पालिकेची घरपट्टी आणि विजेचं बिल. ड्रॉवरमध्ये काहीच सापडत नाही, तारेवर सगळं सापडतं.

घरातलं काहीच उरलं नसेल तर ओशिवऱ्याला जावं, चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटला जावं, पण मुद्दाम जुनाट रंग फासलेलं नवं प्लायवुड आणू नये. त्याला दुरुस्तीच नसते. ओलीने पापुद्रे सुटले की फेकायचं. आपल्या वस्तू सांधता यायच्या, म्हणून टिकल्या.

राहता राहिली वेताची खुर्ची. बसकण सैल पडली की आई खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवायची आणि खुर्ची वाळत ठेवायची. वेत आवळून यायचा. ढेकूण झाले की उकळतं पाणी. तुटलाच वेत तर विणायला माणसं होती. सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या तर अंध कारागीर नुसत्या बोटांनी विणायचे, एकही भोक न चुकता. आता वेत मिळतो, विणणारा मिळत नाही. मीरा रोडला, काशिमिऱ्याला, उत्तनकडे कुणाच्या ओळखीत असा हात असेल तर आमच्या इमारतीच्या वॉचमनकडे जरूर निरोप ठेवा. मजल्यामजल्यावर खुर्च्या आहेत, मजुरी तो म्हणेल ती देऊ, आणि जमलं तर त्याने शेजारी बसवून आमच्या एखाद्या पोरालाही शिकवावं.