चि. स्कॅनर यास

चि. बिनतारी स्कॅनर,


तू गोंदियाच्या आमच्या राइस मिलमध्ये आलास, त्या दिवशी मालक म्हणाले, "मुनीमजी, आता वही बंद." मी गप्प राहिलो. 1999 साली भंडाऱ्यातून आमचा जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा शिक्के बदलले, लेटरहेड बदलले. स्टॉकवही होती तीच राहिली. ती तुझ्यामुळे जाईल, हे काही पटेना.

वहीत मी करत तरी काय होतो? हमाल तांदळाचा कट्टा घेऊन दारातून गेला की एक उभी रेघ. चार झाल्या की पाचवी आडवी. पुढे वाचनात आलं की तुझं मूळही रेघांतच आहे. नॉर्मन वुडलँड नावाचा अमेरिकन तरुण मायामीच्या किनाऱ्यावर मोर्स कोडचा विचार करत बसला होता. त्यानं वाळूत बोटं ओढली आणि उमटलेल्या रेघांवरून बारकोड सुचला. पेटंट 1952चं. आज आपण पाहतो तो बारकोड दुकानात पहिल्यांदा वाचला गेला 26 जून 1974 रोजी, ओहायोत, च्युइंगगमच्या पाकिटावर. म्हणजे आपण एकाच घराण्यातले.

किराणा मालावरच्या तेरा आकडी कोडात शेवटचा आकडा मालाचा नसतोच, तो ताळा असतो. आधीच्या बारा आकड्यांतला एकाआड एक तिप्पट धरून बेरीज करायची. दहाच्या पुढच्या पटीला जेवढे कमी पडतील, तो तेरावा. जुळला नाही तर तू बीप करत नाहीस. नवाचा ताळा आम्ही छड्या खाऊन शिकलो. तू अभिमन्यूसारखा पोटातूनच शिकून आलास!

तीन नंबरच्या गोदामात थप्प्यांमागे गेलं की तुझी रेंज तुटते. तरी वाचलेलं पोटात ठेवतोस आणि ऑफिसच्या दाराशी येताच ओततोस. जुन्यानव्या लॉटची सरमिसळही तुझ्यामुळे थांबली. जुना म्हणून पाठवलेल्या मालात नवा तांदूळ गेला की भात चिकट व्हायचा आणि शिव्या मला.

तागाच्या पोत्यावर तुझं स्टिकर मात्र टिकत नाही. कोंड्याची धूळ बसली की निघालंच. म्हणून आम्ही कट्ट्याच्या तोंडाशी, शिलाईतच पुठ्ठ्याची चिठ्ठी धरतो.

आता खरं बोलायचं ते. एका भाड्याच्या गोदामात थप्पीवरची चिठ्ठी वाचून तू 400 कट्टे सांगितलेस. म्हातारा हमाल वर चढला, मधोमध वाकून पाहिलं आणि म्हणाला, "मुनीमजी, थप्पी पोकळ हाये." चारी बाजूंनी कट्टे रचलेले, आत नुसता अंधार. तुझी चूक नव्हती, चिठ्ठीवर 400च होते. तसंच एचएमटी तांदळाचं. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी निवडून काढलेलं हे वाण, नाव घड्याळाचं. पोत्यात तेच आहे की दुसरं, हे परखीची नळी मारून, निघालेला दाणा दाताखाली फोडल्याशिवाय कळत नाही. तुला दात नाहीत.

वही मी बंद केलेली नाही. मालकांना ठाऊक आहे. सोमवारी तीन नंबरची मोजणी आहे. रात्रभर चार्जिंगला राहा. थप्पीवर म्हातारा चढेल, तू खाली माझ्या हातात.

तुझा,
मुनीमजी