नगारा बडवा, पण जपून!

दोस्तांनो, चला, चीनमधल्या शान्शी प्रांतातल्या पिंगयाओ गावी! भोवती जुना कोट, आत जुनी ‘यामेन’, म्हणजे सरकारी कचेरी. १९९७ साली हे गाव जागतिक वारसा ठरलं.

समजा, तुम्ही तीनशे वर्षांपूर्वी इथे आलात. तुमचा बैल चोरीला गेलाय. तातडीची फिर्याद असली, की दारातला नगारा बडवायचा. आत दोन्ही बाजूंना शिपाई. हातात लांब सोटे, एक टोक तांबडं, एक काळं. तांबडं म्हणजे आग, काळं म्हणजे पाणी; दोघंही कुणाची गय करत नाहीत! सोटे आपटत शिपाई ओरडतात, “वेऽऽइ वूऽऽ!” छातीत धस्स झालं ना? तेवढ्यात न्यायाधीशसाहेब लाकडी ठोकळा टेबलावर आदळतात. त्यांच्या डोक्यावर पाटी: ‘स्वच्छ आरसा उंच टांगला आहे’. म्हणजे इथे खरं-खोटं लख्ख दिसतं म्हणे.

आता गुडघे टेका. हो, फिर्यादी असलात तरी! वकीलबिकील नाही. तपास साहेबांचा, निकालही त्यांचाच. गुन्हा ठरवायला कबुली हवी, आणि ती मिळवायला मारण्याची कायद्यानंच मुभा. साहेबांनी नळकांड्यातली एक पट्टी जमिनीवर फेकली, की बांबूच्या फळीचे फटके सुरू. कायद्यात लिहिलेले १०० फटके प्रत्यक्षात ४० बसत. केवढी ही दया! आणि फिर्याद खोटी ठरली, तर शिक्षा तुम्हालाच.

साहेबांवरही वचक होता बरं का. स्वतःच्या प्रांतात नेमणूक नाही, चुकीच्या निकालाला दंड, देहदंडाचे खटले तर थेट बादशहापर्यंत जात. पण मार खाऊन दिलेली कबुली खरी की खोटी, हे त्या आरशात कसं दिसणार?

आज तिथे नटमंडळी पर्यटकांपुढे असा खटला उभा करतात. सोटे आपटतात, लोक खुशाल हसतात.