दोन तारा वाढवताना

घरात नवे गिटार करून घ्यायचे ठरले तेव्हा लाकूड कोणते, रंग कोणता यावर फारसे बोलणे झालेच नाही. तीन महिने बोलणे चालले ते दोन तारांवर. बडे अब्बांचे जुने हवाईयन गिटार सहा तारांचे, नवे आठ तारांचे. मग जास्तीच्या दोन तारा कुठे बसवायच्या आणि कोणत्या सुरात लावायच्या?

ज्यांनी हे वाद्य पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हवाईयन गिटार मांडीवर आडवे ठेवतात. डाव्या हाताची बोटे तारा दाबत नाहीत. गुळगुळीत पोलादी दांडा तारांवरून सरकवायचा आणि उजव्या हाताने छेडायचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकू या मुलाने ही पद्धत रूढ केली असे मानतात. टाऊ मो यांच्या कुटुंबासारखे हवाईयन कलाकार 1940 च्या दशकात कलकत्त्यात राहिले, आणि बंगालात हे वाद्य घरोघरी गेले. काझी नझरुल इस्लाम यांचे चिरंजीव काझी अनिरुद्ध याच गिटारवर नावाजले. आपल्या मुंबईत व्हॅन शिप्ले होते. ब्रिजभूषण काब्रा यांनी तर उस्ताद अली अकबर खाँसाहेबांकडे शिकून यावर राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची 1967 ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही रेकॉर्ड आमच्या घरी झिजेपर्यंत वाजली. सूर तुटत नाही, माणसाच्या गळ्यासारखी मींड निघते. म्हणून नातेच्या चालीला हे वाद्य फार शोभते, निदान आम्हाला तसे वाटते.

बडे अब्बांच्या सहा तारा जाडीकडून बारीकीकडे अशा लागतात: सा ग प, सा ग प. तेच तीन सूर दोन सप्तकांत. दांडा कुठेही ठेवा, सगळ्या तारा एकदम छेडल्या तरी गोडच लागते. राबोडीत राहत होतो तेव्हापासून, म्हणजे पन्नास वर्षे, त्यांचा हात याच मांडणीवर फिरला आहे.

आमची मुलगी अकरावीत आहे. ती त्यांच्याकडेच शिकली, पण तिचे कान दूरवर गेले. अमेरिकेत ‘हाऊस ऑफ गॉड’ नावाच्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये इबादतीच्या वेळी स्टील गिटार वाजवतात. रॉबर्ट रँडॉल्फ तिथूनच आलेले, आणि ते वाजवतात पेडल स्टील. बडे अब्बांनी दोन मिनिटे ऐकले आणि म्हणाले, “म्हणजे हे तिकडचे कव्वालच की!”

पेडल स्टीलला चार पाय असतात, खाली पेडल आणि गुडघ्याने ढकलायचे खटके. पेडल दाबले की एखादी तार ताणली जाते आणि सूर चढतो. दहा तारांच्या नेहमीच्या मांडणीत, ज्याला ते लोक ‘ई नाइन’ म्हणतात, एक पेडल प चा ध करते, दुसरे ग चा म करते. दोन्ही दाबली तर सा-ग-प चे सा-म-ध होते, आणि दांडा जागचा हलत नाही. ज्यांना दहा पुरत नाहीत ते बारा तारांचे घेतात, आणि तिथेही आमच्यासारखाच पेच असतो. एक पक्ष म्हणतो, ओळखीच्या दहा तारा जशाच्या तशा ठेवा आणि खाली ग आणि सा अशा दोन जाड तारा वाढवा. दुसरा पक्ष म्हणतो, मांडणीच बदला, म्हणजे एकाच वाद्यात दोन मांडण्या मिळतील. हे वाचल्यावर आमच्या घरातले दोन पक्ष आम्हाला एकदम स्पष्ट दिसले.

पेडलवाले वाद्य आमच्या आवाक्यातले नव्हते आणि घोडबंदर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते ठेवायला जागाही नव्हती. मुलीचे म्हणणे असे, की पेडल नाही तर निदान ध ची एक तार मध्यभागी, प आणि सा यांच्या मध्ये द्या. ध, सा, ग सलग आले की उदास, मायनर रंग मिळतो. सा, ग, प चा प्रसन्न रंग तर आहेच. तिचे म्हणणे खोटे नव्हते. आठ तारांच्या हवाईयन गिटारची ती जुनी, मान्य मांडणी आहे.

अडचण वेगळी होती. दोन वर्षांपूर्वी बडे अब्बांना अर्धांगाचा झटका आला. अल्लाहच्या मेहेरबानीने बोलणे परत आले, चालणे आले, पण उजवा हात मागे राहिला. चमचा अजून सांडतो. गिटार मात्र वाजते. बोटांना तारांच्या जागा पाठ आहेत. डोके सांगत नाही, हातच जातो. आम्ही जुन्याच गिटारवर करून पाहिले. मधल्या सा ची तार उतरवून ध केली आणि त्यांच्यापुढे ठेवली. अंगठा सवयीने सा कडे गेला, ध वाजला, आणि हात तारांवरच थांबला. पुन्हा केले, पुन्हा तसेच. ते हसून म्हणाले, “बेटा, तार नाही चुकली, मीच पत्ता विसरलो.” मुलीने काही न बोलता तार परत चढवली. त्या रात्री तिने मध्यभागाचा हट्ट सोडला. तिचे मन मोडले हे आम्हाला दिसत होते, आणि ते तसेच विसरून जाणे आम्हाला बरे वाटले नाही.

मग खालच्या बाजूला काय? बडे अब्बांना खर्जाचा सा हवा होता, तानपुऱ्यासारखा. इथे आमचे मामू कामी आले. वाद्य घरात नको, या मताचे ते आहेत. आम्ही त्यांचा मान ठेवतो. ते आले की गिटार कापडात जाते. पण वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात त्यांची उमर तारा ओढण्यात गेली. “तारेचा हिशेब म्हणून सांगतो, गाण्याचा म्हणून नाही,” असे बजावून त्यांनी कागद घेतला. लांबी आणि ताण तोच ठेवून सूर सप्तकभर खाली न्यायचा तर तार दुप्पट जाड लागते. सा पासून खालच्या प पर्यंतच जायचे तर साधारण एक तृतीयांश जास्त जाडीने भागते. खर्जाचा सा म्हणजे दोरखंडच झाला असता. शिवाय रात्री कंटेनर आणि ट्रेलर जातात तेव्हा आमच्या भिंतीच त्या सुरात गुणगुणतात. त्यात आणखी भर कशाला?

अखेर जाडीकडून प, ध, आणि मग जुन्या सहा, असे ठरले. मुलीला ध-सा-ग सलग मिळाले, पण खालच्या सप्तकात. तिथे ते थोडे गढूळ वाजते, हे खरे आहे. ती म्हणते चालेल, आणि दांडा वर सरकवला की साफ होते, हेही तिनेच शोधले.

घोडीचे विचारायला आम्ही मिरजेला गेलो. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. दीडशेहून अधिक वर्षे तंतुवाद्ये घडवत आहेत, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात फातेहा पढलो. 1937 मध्ये वारलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर त्याच आवारात आहे. ज्या कारागिरांकडे गेलो त्यांनी तानपुरा लावून दाखवला. प आणि सा चीच तार छेडली, तरी थोड्या वेळाने त्यातून गंधार आपोआप उमटला. हा गंधार हार्मोनियमच्या गंधारापेक्षा किंचित उतरता असतो, अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर चौदा भागांनी. बडे अब्बा दोन्ही ग याच जागी लावतात. मुलीच्या मोबाइलमधले ट्यूनर त्याला चूक म्हणते. पेडल स्टीलवालेही ग असाच उतरवून लावतात हे वाचल्यापासून ती मोबाइल बाजूला ठेवते. हार्मोनियमबरोबर नात वाजवायची असेल तेव्हा मात्र थोडी तडजोड लागते.

एक सूचना त्या कारागिरांची. नव्या दोन तारा आणि जुन्या सहा यांच्यामध्ये घोडीवर बोटभर फट ठेवा. बडे अब्बांच्या अंगठ्याला न पाहता हद्द कळेल. ज्यांनी मुंबईत गिटार बांधले त्यांना ही फट विचित्र वाटली, दोनदा फोन करून त्यांनी खात्री केली. आता बडे अब्बा फटीच्या अलीकडे राहतात, मुलगी दोन्हीकडे फिरते. खाडीच्या हवेत तारा लवकर गंजतात, तेवढे रोज मगरिबनंतर पुसावे लागते.

गेल्या जुम्याला मामू आले. गिटार कापडात होते. चहा होईपर्यंत त्यांनी कापडावरूनच बोट फिरवले, आठ तारा मोजल्या, फटीपाशी थांबले आणि मुलीला विचारले, “सातव्या आणि आठव्या तारेचा ताण सारखा आला का?”