राखणदार

माणसाने आधी घर बांधले, घराला दार बसवले, दाराला कुलूप लावले आणि तरीही डोळा लागेना तेव्हा कुत्रा पाळला, असे आपल्याला सहज वाटते. खरा क्रम उलटा आहे. शेती करून एका जागी राहायला माणूस शिकला, त्याच्या हजारो वर्षे आधी कुत्रा त्याच्या शेकोटीपाशी येऊन बसला होता. दार आणि कुलूप मागाहून आले, राखणदार पहिला.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला हे पटायला हरकत नाही. बावन्न दरवाजांचे शहर म्हणून याची ख्याती. मलिक अंबरने १६१० साली इथे खडकी वसवली. पुढे औरंगजेबाच्या काळात तट उभा राहिला. त्यांतले काही दरवाजे अजून आहेत. त्यांच्याखालून रिक्षा धडधडत जातात, पण "कोण आहे?" म्हणून हटकणारा कोणी नाही. दगड टिकला, पहारेकरी गेला!

सातारा परिसरात आम्ही घर बांधले, तेव्हा मागे डोंगर आणि पुढे मोकळे भूखंड. चोऱ्यांच्या गोष्टी रोज कानांवर येत. म्हणून थोरल्या चिरंजीवांनी अल्सेशियनचे पिल्लू आणले. आईने त्याचे नाव ठेवले मोत्या. हे नाव मांडीवर मावणाऱ्या पांढऱ्याशुभ्र कुत्र्याला शोभावे. आमचा मोत्या दीड वर्षात छत्तीस किलोंचा झाला, रंगाने काळा-तांबूस. आणि मागच्या पायांवर उभा राहिला, की त्याचे पुढचे पंजे थेट माझ्या खांद्यांवर. तरी नाव तेच राहिले. आईपुढे कोण बोलणार?

एवढे मोठे जनावर पाळायचे म्हणजे त्याच्या ताकदीचे उत्तरदायित्व आपण घ्यायचे. रेबीजची लस चुकवायची नाही. लहानपणीच त्याला दूधवाला, पोस्टमन, शेजारची पोरे यांची ओळख करून द्यायची. 'बस' म्हटल्यावर तो बसलाच पाहिजे, आणि तेही न मारता. उन्हाळ्यात इकडे पारा चाळिशीच्या वर जातो, आणि याच्या अंगावर तर थंड मुलखातली दुहेरी केसाळ घोंगडी! म्हणून पहाटे सहाच्या आत फिरणे. मोत्या आल्यापासून माझे उठणे, फिरणे, परतणे असे काही शिस्तीत आले, की आमच्यांत पाळलेला कोण, असा प्रश्न सौभाग्यवती पाहुण्यांसमोर विचारीत.

मात्र त्याचा स्वभाव मला उलगडून दाखवला तो एका धनगराने. सुगी आटोपली, की मेंढ्यांचे कळप आमच्या बाजूच्या रानांतून हिंडताना दिसतात. शेतकरी खतासाठी ते रात्री शेतात बसवून घेतात. एका संध्याकाळी मोत्याला पाहून तो थांबला.

"गुरुजी, हे कशाला ठिवलं?"

"राखणीला."

"मग त्याच्या हवाली काय केलंय?"

मला उत्तर सुचेना. तोच पुढे म्हणाला, "साखळीला बांधल्यालं कुत्रं साखळीच राखतं. त्याला त्याची माणसं दाखवा, शिव दाखवा. मंग बघा."

त्या दिवसापासून साखळी खुंटीला गेली, ती फक्त फिरायला जाताना खाली येई. फाटक बंद करून मोत्या अंगणात मोकळा राहू लागला. पुढे वाचनात आले, की ही जातच मुळी मेंढपाळाची. १८९९ साली जर्मनीतल्या कार्ल्सरूए गावच्या प्रदर्शनात माक्स फोन श्टेफानिट्झ नावाच्या घोडदळातल्या माजी अधिकाऱ्याने एक कुत्रा विकत घेतला, त्याचे नाव होरांट ठेवले आणि त्याच्यापासून या जातीची नोंदवही सुरू केली. पहिल्या महायुद्धामुळे इंग्रजांना 'जर्मन' हा शब्द नकोसा झाला, तेव्हा त्यांनी याला अल्सेशियन म्हटले. तेच नाव आपल्या तोंडी बसले.

तिकडे शेतांना कुंपणे नसत. मेंढ्या चरत आणि हा कुत्रा शेताच्या कडेने दिवसभर येरझारा घाली. एक मेंढी पिकाकडे वळली, की वाटेत आडवा. चालते कुंपणच म्हणा ना! आता आमच्या मोत्याची रात्रीची फेरी मला कळली. तो प्रत्येक खोलीच्या दाराशी क्षणभर थांबे आणि पुढे जाई. तो आम्हांला मोजत असे. कोणी गावाला गेले, की त्याचा हिशेब जुळेना आणि तो फाटकाकडे तोंड करून बसून राही.

आईला चौऱ्याऐंशीवे लागले, तशी तिची स्मृती मागे मागे जाऊ लागली. आश्विनातल्या एका पहाटे ती उठली, हातात पिशवी घेतली, फाटकाची कडी काढली आणि गंगापूरला माहेरी निघाली. माहेरी आता कोणी उरले नव्हते. आम्ही सारे झोपेत. मला जाग आली ती तिच्या बोलण्याने. "बाजूला हो रे मोत्या, उशीर होतोय!" बाहेर येऊन पाहतो, तर मोत्या उघड्या फाटकात आडवा उभा. भुंकणे नाही, गुरगुरणे नाही. ती डावीकडे वळली, की तो डावीकडे. उजवीकडे वळली, की उजवीकडे. त्याने तिला दातही लावला नव्हता, फक्त अंग आडवे घातले होते. मी तिचा हात धरला, तेव्हाच तो बाजूला झाला.

चोर आमच्याकडे आजवर आला नाही. राखण झाली ती घरातल्याच माणसाची.

असा हा पहारेकरी दिवाळीत मात्र पलंगाखाली शिरतो. आपल्या कानांना पोचतात त्याच्या दुप्पट उंच सुरापर्यंतचे आवाज त्याला ऐकू येतात. मग फटाक्यांच्या माळेने त्याचे काय होत असेल! त्या रात्री खिडक्या लावून आई जमिनीवर त्याच्या जवळ बसते आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवते. कधी कधी ती त्याचे नाव विसरते, पण हात थांबत नाही.

नेपाळात दिवाळीच्या या दिवसांत कुत्र्याला टिळा लावून, गळ्यात झेंडूची माळ घालून गोडधोड देतात. आमच्याही साताऱ्याला खंडोबाचे जुने देऊळ आहे, आणि खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा असतोच. तेव्हा वसुबारसेला गाईसाठी काढलेल्या घासातला एक घास आम्ही मोत्यापुढे ठेवतो. पण त्याआधी तो घरभर फिरून येतो. सगळे जागेवर आहेत ना, हे एकदा पाहतो, आणि मगच तोंड लावतो.